दोन घटकांचा हिशेब

आमच्या घराण्यांत माझी थोरली चुलत बहीण प्रश्न विचारण्याविषयीं प्रसिद्ध आहे. तिला आम्ही सर्व जण आक्का म्हणतों. तिचे प्रश्न लहान असतात. पण त्यांचीं उत्तरें द्यावयास बसलें म्हणजे रात्र पुरत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं ती आमच्याकडे राहावयास आली असतां मीं तिला गच्चीवर नेलें आणि दुर्बिणींतून शनि दाखविला. वलयें पाहून तिला आनंद झाला यांत शंका नाहीं. कारण तिनें डोळा काढून घेतला, दुर्बिणीच्या तोंडाशीं कोणी चित्र तर चिकटविलें नाहीं ना याची हातानें चांचपून खात्री करून घेतली, आणि पुन्हां पाहिलें. मग खुर्चीवर टेकून ती म्हणाली, "छान आहे रे. पण मला एक सांग. इतकीं वर्षें तूं हें बघतो आहेस. तुझ्या बघण्यानें त्याला काय, आणि आम्हांला काय?"

मीं हंसून वेळ मारून नेली व दुर्बीण चंद्राकडे वळविली. चंद्राला कोणी उपयोग विचारीत नाहीं. दोन दिवसांनीं आक्का आपल्या गांवीं परत गेली. प्रश्न मात्र आमच्या घरींच राहिला. पुढें विचार करतां माझ्या ध्यानांत आलें कीं तो तिनें आणलेला नव्हता. तो पूर्वींपासूनच घरांत होता. तिनें केवळ त्याच्यावरचें झांकण काढलें.

प्रश्न तसा फार जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादग्रंथाच्या सातव्या भागांत, राज्याच्या भावी रक्षकांना ज्योतिःशास्त्र शिकवावें असें सॉक्रेटिस सुचवितो, तेव्हां ग्लॉकन तत्काळ रुकार देतो. ऋतु, महिने व वर्षें यांचें ज्ञान शेतकऱ्याला आणि खलाशाला जसें उपयोगी, तसें सेनापतीलाहि उपयोगी, असें तो म्हणतो. त्यावर सॉक्रेटिस त्याची थट्टा करतो: निरुपयोगी विद्येची शिफारस केली असा आपणांवर आळ येईल, ही तुझी भीति मोठी गमतीची आहे! तेवीस-चोवीस शतकें लोटलीं, तरी आकाश पाहणाऱ्या माणसाच्या मनांतील ग्लॉकन अजून जिवंत आहे. आमच्याकडे तर त्याची अधिकच पंचाईत होते. कारण मी तारे पाहतों असें कोणास सांगितलें कीं तो विश्वासानें मुलीची पत्रिका पुढें करतो, आणि पत्रिका मला कळत नाहीं असें म्हटल्यावर, मग एवढ्या मोठ्या नळीचा उपयोग काय, अशा नजरेनें पाहूं लागतो.

आक्काला द्यावयाचें पहिलें उत्तर कोणाच्याहि तोंडीं सहज येईल. हौशी मंडळींनीं शास्त्राची मोठी सेवा केली आहे, हें तें उत्तर. जर्मनींतील डेसाउ गांवचा औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे यानें १८२६ सालीं सूर्यावरील डाग मोजावयास आरंभ केला. त्याला खरें पाहतां बुधाच्याहि आंत सूर्याभोंवतीं फिरणारा एखादा ग्रह हवा होता. ग्रह सांपडला नाहीं, कारण तो नव्हताच. परंतु सतरा वर्षें नेमानें केलेल्या नोंदींवरून डागांची संख्या सुमारें दहा वर्षांच्या फेऱ्यानें वाढते व घटते, ही गोष्ट १८४३ सालीं त्याच्या हातीं आली. आपल्या देशांतील उदाहरण द्यावयाचें तर राधागोविंद चंद्र यांचें देतां येईल. १८७८ सालीं जन्मलेले हे जेसोरचे गृहस्थ प्रवेशपरीक्षेंत तीन वेळां नापास झाले आणि सरकारी खजिन्यांतील साध्या नोकरींत त्यांनीं आयुष्य काढलें. १९१२ मध्यें त्यांनीं इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागविली. १९१८ मध्यें गरुड तारकासमूहांत अकस्मात् प्रकटलेला नवतारा त्यांनीं स्वतंत्रपणें हेरला. पुढें त्यांच्या नोंदींची योग्यता ओळखून रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघानें त्यांना १९२६ मध्यें एक सहा इंची दुर्बीण वापरावयास पाठवून दिली. फाळणीनंतर ते भारतांत आले. सदतीस हजारांवर निरीक्षणें त्यांच्या नांवावर जमा आहेत. दिवसा सरकारी नाण्यांचा हिशेब पाहणारा माणूस रात्रीं ताऱ्यांच्या तेजाचा हिशेब लिहीत होता, हें चित्र मला फार आवडतें.

परंतु हें उत्तर माझें नव्हे. तें श्वाब्याचें आहे, चंद्रबाबूंचें आहे. मी तें उसनें घेऊन आक्कापुढें मिरवूं लागलों तर ती मला एकाच वाक्यांत गप्प करील. माझ्या कपाटांत सतरा वह्या आहेत. त्यांत गुरूच्या चंद्रांच्या जागा आहेत, ग्रहणांच्या वेळा आहेत, आज आकाश निवळ होतें आणि आज धूर फार होता असले शेरे आहेत. शास्त्राच्या दृष्टीनें त्यांची किंमत रद्दीच्या भावाइतकी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली, मुंबईचें खगोल मंडळ १९८५ मध्यें. या व अशा संस्थांच्या आश्रयानें हजारों माणसांनीं आकाशाकडे पाहिलें असेल. त्यांतील शंभरांत नव्व्याण्णव माझ्यासारखेच. शिवाय काळहि बदलला. चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेनें २०२५ च्या जूनमध्यें आपलीं पहिलीं चित्रें प्रसिद्ध केलीं. सारें दक्षिण आकाश दर तीन-चार रात्रींनीं पुनः पुन्हां टिपावयाचें हा तिचा संकल्प. धूमकेतु पूर्वीं शेतकऱ्यांना व शिक्षकांना सांपडत, ते हल्लीं बहुधा यंत्रांना सांपडतात. आमचा छंद जर उपयोगाच्याच खांबावर उभा असेल, तर तो खांब निम्मा तरी कापला गेला आहे, आणि आम्ही दुर्बिणी विकून मोकळें व्हावें हें बरें. तरी एकाहि ओळखीच्या माणसानें विकलेली मला ठाऊक नाहीं. अर्थात् आम्ही उपयोगासाठीं पाहत नव्हतोंच.

दुसरें उत्तर अधिक भारदस्त आहे, आणि मीं तें पुष्कळ वर्षें खरें मानलें. आकाशाच्या विस्ताराकडे पाहून माणूस नम्र होतो, त्याच्या क्षुद्र चिंता गळून पडतात, असें तें आहे. देवयानी तारकासमूहांत नुसत्या डोळ्यांना जो धुरकट ठिपका दिसतो, त्याचा प्रकाश सुमारें पंचवीस लक्ष वर्षांपूर्वीं निघालेला. तो निघाला तेव्हां आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर नव्हता. हें कळल्यावर भाऊबंदकीचा खटला कोण चालवील? कोणी चालवूं नये हें खरें, पण चालवितात. आकाश पाहणाऱ्या मंडळींत मीं जितकें भांडण ऐकलें आहे, तितकें भजनी मंडळींतहि ऐकलें नाहीं, आणि त्यांतील बरेंचसें कोणाचा आरसा किती इंचांचा या एकाच विषयावर. नम्रतेचें राहो. या उत्तरांत याहून मोठा एक धोका आहे, आणि तो मला उशिरां दिसला.

थेलीस या ग्रीक ज्ञात्याची कथा प्लेटोनेंच दुसरीकडे सांगितली आहे. तारे पाहत चालतां चालतां तो विहिरींत पडला, आणि एक थ्रेसदेशीय दासी त्याला हंसली: आकाशांतलें जाणावयास धांवतो आणि पायांपुढचें दिसत नाहीं! तत्त्वज्ञांनीं तेव्हांपासून थेलिसाची बाजू घेतली आहे; तें साहजिकच आहे, लिहिण्याचें काम त्यांच्याकडे होतें. त्या विहिरींतून त्याला वर कोणीं काढलें हें मात्र कथेंत नाहीं. मला वाटतें, त्या दासीलाच दोर आणावा लागला असेल.

क्षुद्र चिंता गळून पडतात, असें आपण म्हणतों, तेव्हां क्षुद्र कोणत्या हें कोणीं ठरविलें? मोठ्या वस्तूशेजारीं लहान वस्तु ठेवली म्हणजे ती लहान दिसते. एवढ्यावरून ती हलकी ठरत नाहीं. आकार आणि महत्त्व हीं दोन निराळीं मापें आहेत. कांट या तत्त्वज्ञानें १७८८ सालच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटीं ताऱ्यांनीं भरलेलें आकाश आणि अंतःकरणांतील नीतिनियम यांचा जोडीनें उल्लेख केला, म्हणून त्या दोहोंना सख्खीं भावंडें समजण्याचा प्रघात पडला. परंतु त्यानें त्यांचा भेदहि सांगितला आहे. पहिल्याच्या दर्शनानें प्राणी या नात्यानें माझें महत्त्व लोप पावतें. दुसऱ्याच्या दर्शनानें व्यक्ति या नात्यानें तें अपार वाढतें. म्हणजे ज्या मापानें मी धुळीचा कण ठरतों, त्या मापानें माझें कर्तव्य मोजतां येत नाहीं. हा भेद मीं ग्रंथांत वाचला होता, खुणाहि केल्या होत्या. शिकलों मात्र दुसरीकडे.

आपल्या भाषेंत एक म्हण आहे: हौसेला मोल नाहीं. हौशी माणूस खर्चाकडे पाहत नाहीं, एवढाच तिचा अर्थ. पण मोल नसतें असें कसें होईल? मोल असतेंच, पुष्कळदां तें दुसरा कोणी देत असतो, म्हणून हौशी माणसाला दिसत नाहीं. विल्यम हर्शेल हा बाथ शहरांतील संगीत शिक्षक. १७८१ च्या मार्चमधील तेराव्या तारखेस आपल्या घरच्या बागेंत, स्वतः घांसलेल्या आरशाच्या दुर्बिणींतून त्याला युरेनस दिसला, आणि हौशी ज्योतिषांच्या इतिहासांत याहून तेजस्वी दिवस नाहीं. त्याच घरांत त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन होती. १७७२ मध्यें तो तिला हॅनोव्हरहून घेऊन आला तो गायिका करण्यासाठीं. ती गाऊंहि लागली, मोठ्या सभांतून गाजली. पण भाऊ आरसे घांशीत बसला. एकदां तर सोळा तास आरशावरून हात न काढतां तो काम करीत राहिला, आणि ती त्याच्या तोंडांत घांस भरवीत बसली. पुढें भावाला राजाश्रय मिळाला, बिऱ्हाड हललें आणि तिचें गाणें संपलें. मग तिनें स्वतः दुर्बीण हातीं घेतली, आठ धूमकेतु शोधले, पगारहि मिळविला. चरित्रकार म्हणतात, तिला त्याहून मोठें यश मिळालें. मिळालें असेल. पण गाणें सोडतांना तिला कोणीं विचारलें होतें काय?

हर्शेलला युरेनस सांपडला, म्हणून आपण त्याला क्षमा करतों. माझ्यासारख्याला कांहींच सांपडत नाहीं.

२००४ सालच्या डिसेंबरमधील गोष्ट. बारा तारखेस अमावास्या होती, आणि तेराच्या रात्रीं मिथुन राशींतून दिसणारा उल्कावर्षाव ऐन भरांत यावयाचा होता. चंद्राचा अडथळा नाहीं, थंडी स्वच्छ; असा योग कांहीं वर्षांनींच येतो. शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरांवर एका माळावर आम्ही चौघे मित्र जाणार होतों. माझी मुलगी तेव्हां चार वर्षांची होती. संध्याकाळीं तिचें अंग किंचित् गरम लागलें. मीं पत्नीला विचारलें, ती म्हणाली, "जा तुम्ही. मुलांना येतोच ताप." हें वाक्य मीं परवानगी म्हणून ऐकलें. तें परवानगीच होतें कीं नाहीं याचा विचार करावयास मला दोन मिनिटेंहि लागलीं असतीं. मीं तीं घेतलीं नाहींत, कारण खालीं मोटार उभी होती.

ती रात्र अपूर्व होती, हें मला आजहि नाकारतां येत नाहीं. चटईवर उताणें पडून, दोन दोन गोधड्या पांघरून, आम्ही आकाशाच्या चार दिशा वांटून घेतल्या होत्या आणि प्रत्येक उल्केला एक रेघ ओढीत होतों. कधीं मिनिट मिनिट कांहीं दिसत नसे; कधीं एकामागून एक तीन, त्यांतली एखादी मृगाच्या खांद्यावरून संथपणें ओघळावी तशी जाई आणि माळावरचे दगड क्षणभर उजळत. पहांटे तीनच्या सुमारास कोणीतरी म्हणालें कीं आतां मेलें तरी चालेल. आम्ही सारे हंसलों.

त्याच सुमारास घरीं मुलीचा ताप एकदम चढला आणि तिला आंकडी आली. खिशांत मोबाइल होता, पण त्या डोंगरपट्ट्यांत त्याचा उपयोग नव्हता. शेजाऱ्यांनीं आपली गाडी काढून मायलेकींना दवाखान्यांत नेलें. सकाळीं सात वाजतां मी घरीं आलों तों दाराला कुलूप. शेजारच्या आजींनीं सांगितलें तें ऐकून मी तसाच धांवलों. मुलगी बरी होती. तिच्या आईच्या मांडीवर झोंपली होती. माझ्या कपड्यांना गवताचे कुसळ चिकटलेले होते. पत्नीनें माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, "किती मोजल्यात?"

"दोनशें सव्वीस," मीं सांगितलें.

तिनें मान हलविली, आणि मुलीच्या अंगावरचें पांघरूण सारखें केलें. त्या प्रश्नांत टोमणा होता, कीं थकलेल्या माणसाचें भाबडें कुतूहल होतें, हें मला आजवर कळलें नाहीं. मीं विचारलें नाहीं. वीस वर्षांवर काळ लोटला. ती टोमणा मारणारी बाई नव्हे, हें जाणूनहि विचारलें नाहीं. एखादें उत्तर न मिळणें हेंच कधीं कधीं अधिक सोसवतें.

मित्र समजूत घालीत, कीं तूं घरीं असतास तरी काय करणार होतास? तुझ्या असण्यानें ताप उतरला नसता. शेजाऱ्यांनीं जें केलें तेंच तूं केलें असतेंस. हें अगदीं बरोबर आहे. आणि याच ठिकाणीं, कांहीं वर्षांनीं, आक्काचा प्रश्न मला नीट समजला. माझ्या पाहण्यानें शनीला कांहीं होत नाहीं. माझ्या उशापाशीं बसण्यानें तापाला कांहीं होत नाहीं. दोन्ही कामें उपयोगाच्या तराजूंत सारखींच हलकीं. तरी एक न केल्याबद्दल मनाला टोंचणी लागते, आणि दुसरें ढगांमुळें चुकलें तर फार तर हळहळ वाटते. हा फरक उपयोगानें पडलेला नाहीं. आक्का म्हणाली होती, "त्याला काय?" सारें मर्म या 'त्याला' शब्दांत आहे. उशाशीं कोण बसलें होतें हें मूल जाणतें. आंकडींतून डोळे उघडतांना त्यानें कोणाला तरी शोधलेलें असतें. वर कोणी पाहत होतें कीं नाहीं याची ताऱ्याला दाद नाहीं. जाणीव असलेल्याचें आपल्यावर देणें असतें, कारण आपण नसलों तर त्याला तें नसणें भासतें. ताऱ्याचें आपल्यावर कसलेंच देणें नाहीं.

एवढ्यावरून तारा पाहणें व्यर्थ ठरतें असें मात्र मला म्हणवत नाहीं. आपल्या बहुतेक प्रेमांत कांहींतरी परत मिळण्याची आशा असते. निदान ओळख तरी मिळावी असें वाटतें. जी वस्तु आपणांस कधींच ओळखणार नाहीं, तिच्याकडे केवळ ती आहे म्हणून टक लावून पाहत राहणें ही मनाची एक उमदी शक्ति आहे, आणि ती ज्याच्या अंगीं आहे त्यानें ती मारून टाकूं नये. परंतु असलें उधळें प्रेम स्वतःच्या कनवटीच्या पैशानें करावें. दुसऱ्याच्या झोंपेंतून त्याचा खर्च काढला, कीं तें उमदेपण तिथेंच संपतें.

त्या सकाळनंतर मीं दुर्बीण कापडांत गुंडाळून माळ्यावर टाकली. दोन वर्षांहून अधिक काळ ती तिथें पडली. मला वाटलें होतें कीं त्या रात्री आतां मुलीला मिळतील. त्या तिला मिळाल्या नाहींत. त्यांतल्या कांहीं वर्तमानपत्राला मिळाल्या, कांहीं टेलिव्हिजनला, आणि पुष्कळशा माझ्या चिडचिडीला. त्यागाचें असें आहे कीं तो दुसऱ्याला कळवून केला म्हणजे दुसऱ्याच्याच डोक्यावर बसतो. माळ्यावरची ती गुंडाळी घरांतल्या प्रत्येकाला दिसे. मीं ती दिसेल अशीच ठेवली असावी.

२००७ च्या उन्हाळ्यांत भारनियमनाची एक रात्र होती. सारा विभाग काळोखांत बुडाला होता, आणि म्हणून पुष्कळ दिवसांनीं वस्तीवर तारे दिसत होते. विजेच्या कंपनीला त्या काळांत सगळे शिव्या देत. आकाश पाहणारे तेवढे मनांतून तिचे ऋणी असत. आम्ही उकाड्यानें गच्चीवर आलों होतों. सात वर्षांच्या मुलीनें सप्तर्षींकडे बोट करून हें काय म्हणून विचारलें, आणि मी उत्तर देण्यापूर्वींच तिची आई म्हणाली, "ते सप्तर्षि. त्यांतला शेपटाकडून दुसरा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीक आहे ती अरुंधती. लग्नांत दाखवितात." मग माझ्याकडे वळून, "आम्हांला मांडवाचें छत दाखविलें होतें, नाहीं का हो?" खरेंच होतें; लग्न दिवसा लागलें होतें आणि भटजींनीं छताच्या पंख्याकडे बोट करून अरुंधतीदर्शन उरकलें होतें. थोड्या वेळानें ती म्हणाली, "काढा ती खालीं. किती दिवस धूळ खात ठेवणार?"

दुर्बीण खालीं आली, पण मी पूर्वींचा राहिलों नाहीं. आणि या बाबतींत मला एका पुस्तकाच्या नांवाचा उपयोग झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'ज्योतिर्विलास' जुन्या घरांतून अजून सांपडतो. कोंकणांतील मुरूडला १८५३ मध्यें जन्मलेला हा शिक्षक. १८९६ सालीं त्यानें 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८९८ मध्यें, पंचेचाळीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, तो वारला. असा माणूस ज्योतिर्विलासाला दुसरें नांव काय देतो? 'रात्रीची दोन घटका मौज'. लहानपणीं मला हें नांव विषयाला उणेपणा आणणारें वाटे. आतां त्यांतील एकेक शब्द तोलून ठेवलेला दिसतो. मौज म्हटलें आहे. कर्तव्य, साधना, सेवा असें कांहींहि म्हटलेलें नाहीं. रात्रीची म्हटलें आहे. दिवस ज्याचे आहेत त्यांचेच ठेवले आहेत. आणि दोन घटका. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दोन घटकांची अठ्ठेचाळीस मिनिटें झालीं. एवढ्यांत शनि दिसतो, चंद्रावरची एक दरी दिसते, आणि जिना उतरून खालीं गेलें तर कोणी जागें असण्याचा संभव असतो. दीक्षितांनीं स्वतः हें माप पाळलें असेल असें मला मुळींच वाटत नाहीं. तसला ग्रंथ दोन घटकांच्या मौजेनें होत नसतो. पण वाचकाला त्यांनीं दिलें तें माप बरोबर दिलें.

तथापि मापाची गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाहीं, हें लेस्ली पेल्टियर यांच्या हकीकतीवरून दिसतें. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत डेल्फॉस गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं वाढलेला हा मुलगा. स्ट्रॉबेरीचें एक माप तोडण्यास दोन सेंट, अशीं नऊशें मापें तोडून त्यानें अठरा डॉलर जमविले आणि आपली पहिली दुर्बीण घेतली. पुढें त्यानें बारा धूमकेतु शोधले, आणि साठ वर्षांहून अधिक काळ रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी महिना न चुकतां पाठविल्या. उत्तर मुकुट या तारकासमूहांत 'टी' नांवाचा एक तारा आहे. एरव्हीं तो दुर्बिणीशिवाय दिसत नाहीं. १८६६ मध्यें मात्र तो कांहीं दिवस एकाएकीं इतका भडकला होता कीं नुसत्या डोळ्यांना ठळक दिसला. तो पुन्हां भडकेल या आशेनें पेल्टियर पंचवीस वर्षें त्याच्यावर नजर ठेवून होता. १९४६ च्या फेब्रुवारींतील एका रात्रीं अडीच वाजतां तो ठरल्याप्रमाणें उठला. बाहेर कडाक्याची थंडी. घसा धरल्यासारखा वाटला, म्हणून तो परत अंथरुणांत शिरला. त्याच रात्रीं तारा भडकला.

त्यानें पुढें आपल्या आठवणींत लिहिलें कीं चूक आपलीच होती, तरी त्या ताऱ्याविषयीं पूर्वींचा जिव्हाळा मात्र राहिला नाहीं. तो पाहत राहिला, पण दुरून ओळख असलेल्या माणसाकडे पाहावें तसा. आतां याला काय म्हणावें? माझ्याच वरच्या विचाराप्रमाणें तो कोणाचेंहि देणें चुकला नव्हता. ताऱ्याला त्याची वाट नव्हती. आजारी माणसानें झोंपावें हेंच योग्य. पत्नीचा, मुलांचा, नोकरीचा विचार केला तर त्यानें अंथरुणांत परत शिरणें हें कर्तव्यच होतें असें मी म्हणेन. आणि तरीहि त्याचें दुःख मला खोटें वाटत नाहीं. योग्य तेंच केल्यावरहि कांहींतरी कायमचें गमावतां येतें, ही गोष्ट नीतिशास्त्रावरील पुस्तकें नीट सांगत नाहींत. तीं बहुधा असें सुचवितात कीं बरोबर निवड केली म्हणजे मनाला शांति मिळते. ज्या निवडीनंतर शांति मिळते, तिच्यांत दुसऱ्या पारड्यांत फारसें कांहीं नसावें. त्या डिसेंबरांत मी घरीं राहिलों असतों, तर दोनशें सव्वीस उल्का चुकल्या म्हणून मला वाईट वाटलें असतें, आणि तें वाटणें गैर ठरलें नसतें. मला हें आधीं कोणी सांगितलें असतें तर कदाचित् घरीं राहणें सोपें गेलें असतें. कर्तव्य आनंदानेंच केलें पाहिजे या आग्रहापायीं आपण पुष्कळ कर्तव्यें टाळतों.

१८६६ आणि १९४६ यांत ऐंशी वर्षांचें अंतर. त्यावरून आणि ताऱ्याच्या तेजांतील कांहीं चढउतारांवरून, २०२४ मध्यें तो पुन्हां भडकेल असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा तर्क होता. त्या उन्हाळ्यांत मीं रोज रात्रीं दोन घटका त्याच्यासाठीं काढून ठेवल्या. भूतप आणि शौरी यांच्यामध्यें सहा-सात ताऱ्यांची ती अर्धवट बांगडी वर चढे. मी ताऱ्यांची संख्या मोजीं, आणि एकहि जास्त नाहीं असें पाहून खालीं येई. मुलगी आतां परगांवीं नोकरीला आहे, आठवड्यांतून दोनदां फोनवर विचारी, "बाबा, फुटला का?" पत्नी बहुधा वर येत नसे, जिना तिच्या गुडघ्यांना मानवत नाहीं. मेच्या अखेरीस एके रात्रीं मला सर्दी झाली होती, आणि मी पडूनच राहिलों. साडेनऊच्या सुमारास ती खोलींत आली, पदरानें कपाळ पुशीत, थोडी धापा टाकीत.

"सातच आहेत," ती म्हणाली. "मीं दोनदां मोजले."

पुढें जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत ढग आले, आणि मीं दुर्बिणीवर प्लॅस्टिकचें कापड बांधलें.